घर कितवे, की माणूस कुठला?

मुंबईतील नव्या इमारतींमधली निम्मी घरे काही काळ मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत, अशी मागणी विलेपार्ल्याच्या 'पार्ले पंचम' या संस्थेने केली आणि २०२४ मध्ये अनिल परब यांनी त्याच आशयाचे अशासकीय विधेयक विधान परिषदेसाठी दिले. तेव्हापासून आम्हा परदेशस्थ मराठी मंडळींच्या गप्पांत एक उपाय हमखास निघतो : सिंगापूरने केले तेच मुंबईने करावे, बाहेरून येणाऱ्या खरेदीदारावर जबर कर बसवावा. गंमत अशी की हे सुचवणारे बहुतेक जण स्वतः कुठल्या ना कुठल्या देशात बाहेरचे म्हणूनच घर घेऊन बसलेले किंवा घेऊ पाहणारे असतात आणि तिथल्या जादा करावर त्यांचा पुरेपूर राग असतो. मी लंडनमध्ये राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची कुरकुर माझ्या कानावर येते. माझे मत असे झाले आहे की घरावरच्या कराने माणूस कुठला हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्याचे ते घर कितवे आणि तो त्यात राहणार आहे का, हे मात्र जरूर विचारावे.

सिंगापूरचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. तिथे परदेशी खरेदीदारावरचे अतिरिक्त मुद्रांक शुल्क डिसेंबर २०११ मध्ये १० टक्क्यांनी सुरू झाले आणि १५, २०, ३० अशा पायऱ्या चढत एप्रिल २०२३ मध्ये ६० टक्क्यांवर पोहोचले. नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या डोंबिवलीच्या अभियंत्याने तिथे १५ लाख डॉलरचा फ्लॅट घेतला, तर ९ लाख डॉलर नुसते या शुल्कापोटी जातील आणि नेहमीचे मुद्रांक शुल्क वेगळेच. तोच माणूस कायमचा रहिवासी झाला, तर पहिल्या घरावर त्याला ५ टक्के पडतात. अमेरिकेच्या नागरिकाला मात्र मुक्त व्यापार करारामुळे सिंगापूरच्या नागरिकासारखेच वागवले जाते. आमच्या गप्पांत जी बाजू गळते ती अशी की खुद्द सिंगापूरच्या नागरिकालाही दुसऱ्या घरावर २० टक्के आणि तिसऱ्यापासून पुढे ३० टक्के जादा भरावे लागतात. शिवाय तिथले चारपैकी तीनांहून अधिक रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. सामान्य कुटुंबाला छप्पर मिळाले ते त्या मंडळामुळे. म्हाडाच्या सोडतीची वाट पाहत केस पांढरे झालेल्या मुंबईकराला हा फरक अधिक समजावून सांगायला नको.

पासपोर्ट पाहून लावलेला कर किती डळमळीत असतो, हे सिडनीत घर घेणाऱ्या भारतीयांनी अनुभवले आहे. न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये परदेशी खरेदीदारांवर ४ टक्के अधिभार लावला आणि पुढच्याच वर्षी तो ८ टक्के केला. हा अधिभार काही देशांशी झालेल्या करारांतील भेदभावबंदीच्या कलमांशी विसंगत ठरतो, असे तिथल्या महसूल खात्याने २०२३ मध्ये मान्य केले आणि मे महिन्यात भारतीय नागरिकांचीही त्यातून सुटका झाली. वर्ष उलटते न उलटते तोच, एप्रिल २०२४ मध्ये, संघराज्याच्या संसदेने कायदा बदलून त्या कलमांवर मात केली आणि अधिभार परत आला; जानेवारी २०२५ पासून तो ९ टक्के आहे. हाँगकाँगने असाच कर २०१२ मध्ये आणला आणि बाजार थंडावल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केला. सरकारच्या हातातला हा नळ आहे, हवा तेव्हा सोडावा आणि हवा तेव्हा बंद करावा. ज्याला मत नाही त्याच्यावर तो सोडणे तर फारच सोपे.

इंग्लंडची पद्धत निराळी आहे, आणि तीही काही सौम्य नाही. घर घेताना इथे नागरिकत्वावर कर ठरत नाही. खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही किमान १८३ दिवस या देशात नसाल तर २ टक्के जादा, मग तुम्ही दुबईत राहणारे ब्रिटिश नागरिक का असेना. मुंबईहून येऊन इथेच नोकरी करणाऱ्याला हा अधिभार लागत नाही, आणि आल्या आल्या घर घेतल्यामुळे लागलाच, तर पुढच्या वर्षभरात दिवस भरल्यावर तो परत मागता येतो. आपल्या माणसांना खरा चटका बसतो तो दुसऱ्या प्रश्नाचा : जगात इतरत्र कुठे तुमच्या मालकीचे घर किंवा घरातला हिस्सा आहे का?

माझ्या परिचयातल्या एका जोडप्याचे उदाहरण देतो. ते साडेचार लाख पौंडांचे घर घेत होते. पहिलेच घर असते तर सवलतीच्या दराने ७,५०० पौंडांत काम भागले असते. पण मुलुंडच्या फ्लॅटच्या करारनाम्यात वडिलांच्या नावापुढे मुलाचेही नाव होते, कारण निवृत्तीला आलेल्या वडिलांना एकट्याला तेवढे गृहकर्ज मिळेना. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे असेच असते. आयुष्यात एकदा मालक झालेला माणूस इथे 'पहिल्यांदा घर घेणारा' राहत नाही, म्हणून सवलत गेली आणि कर १२,५०० पौंडांवर गेला. त्यात हिस्सा ४०,००० पौंडांहून अधिक किमतीचा, म्हणून दुसऱ्या घराचा ५ टक्के अधिभार, म्हणजे आणखी २२,५०० पौंड. एकूण ३५,०००. साडेसात हजारांशी याचा फरक रुपयांत तीस लाखांच्या घरात जातो. 'नाव नुसते कागदावर आहे, घर वडिलांचेच' असे म्हणायचीही सोय नव्हती, कारण हप्ते मुलाच्या खात्यातून गेले होते आणि त्यावर त्याने प्राप्तिकरात वजावटही घेतली होती. जुने राहते घर तीन वर्षांत विकले तर अधिभार परत मिळतो खरा, पण तो मिळवण्यासाठी आईवडिलांना बिऱ्हाड हलवायला कोण सांगणार?

शेवटी त्याने इथला व्यवहार पुरा होण्याआधी सुट्टी काढून मुंबई गाठली, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र दिले आणि आपला अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने वडिलांच्या नावे केला. तिथे आपल्या कायद्याचाही एक नमुना पाहायला मिळाला. महाराष्ट्रात बापाने राहते घर मुलाला बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. मुलाने बापाला दिले तर ३ टक्के. मालमत्ता वरून खालीच वाहते, असे विधिमंडळाने गृहीत धरलेले दिसते. नव्वद लाखांच्या हिश्श्यावर २ लाख ७० हजार आणि वर उपकर भरूनही त्याचे पुष्कळ वाचले.

मला हा कर अन्यायाचा वाटत नाही. अधिभार त्याच्या मराठीपणावर किंवा व्हिसावर नव्हता, दोन घरांवर होता. यॉर्कशायरमध्ये वडिलोपार्जित घर असलेल्या गोऱ्या माणसालाही इथे हाच प्रश्न विचारतात, वारशाच्या लहान हिश्श्याला काही काळ सूट असते इतकेच.

आता मुंबईकडे पाहा. दीड-दोन कोटींच्या फ्लॅटवर मेट्रोच्या अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्क, स्त्रीच्या नावावर घेतल्यास ५ टक्के, आणि इमारत बांधून व्हायची असेल तर ५ टक्के वस्तू व सेवा कर. मानखुर्दच्या वन रूम किचनला जो मुद्रांकाचा दर, तोच वरळीच्या शंभर कोटींच्या सागरदर्शनी घराला. इंग्लंडमध्ये १५ लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर १२ टक्के लागतात. नोंदणी शुल्क तर १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. तीस लाखांचे घर घेणारा आणि शंभर कोटींचे घेणारा, दोघेही तेवढेच भरतात. आणि हे तुमचे पहिले घर आहे की नववे, याची चौकशी मुद्रांक शुल्क कधीच करत नाही. मुंबईतल्या खरेदीदाराची विभागणी करायची तर मला ही रेषा आधी सुचते.

'बाहेरच्यां'वरच्या कराला घटनेचाही अडसर आहे. भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क अनुच्छेद १९ देते. सिवानचा किंवा जोधपूरचा माणूस मुंबईत परदेशी नाही, जसा मी लंडनमध्ये आहे. यामागची चीड मात्र मला खोटी वाटत नाही. २०२३ मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, त्याची चित्रफीत इथल्या प्रत्येक मराठी घरात पाहिली गेली. पण तो नकार पैशांचा नव्हता, आणि कर बसवून तो हटणार नाही. गृहनिर्माण संस्थेने आपल्या उपविधींत सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात ग्राह्य धरले होते. भांडायचे तर ते सहकार कायद्यात दुरुस्ती करून घेण्यासाठी भांडावे लागेल.

दुसऱ्या-तिसऱ्या घरावर जादा शुल्क लावले तर लोक मेहुण्याच्या, कंपनीच्या नावावर घरे घेतील, असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. इंग्लंडने त्यावर पती-पत्नी आणि अल्पवयीन मुले यांची घरे एकत्र मोजण्याचा नियम केला. कंपनीने पाच लाख पौंडांहून महाग राहते घर घेतले आणि ते भाड्याच्या व्यवसायासारख्या सवलतीत बसत नसेल, तर सरसकट १७ टक्के. मेहुण्याचा बंदोबस्त इथेही झालेला नाही. तरीही आपल्याकडे मोठ्या किमतीच्या प्रत्येक दस्तात पॅन क्रमांक असतो, नोंदणी संगणकावर होते, आणि एका पॅनवर राज्यात किती घरे आहेत हे मुद्रांक विभागाला आपल्याच नोंदींतून काढता येईल. घेणाऱ्याची मातृभाषा त्या दस्तात कुठेच लिहिलेली नसते.