एकास बारा

बाहुल्यांचा किल्ला बांधायला घेतला की सगळ्या जगाला बाराने भागावं लागतं. बाहुलीघरं करणारे बहुतेक लोक हेच प्रमाण पाळतात : खरा एक फूट म्हणजे आपला एक इंच. सहा फुटी दरवाजा सहा इंचांचा, दीड फुटी स्टूल दीड इंचाचं आणि साडेपाच फुटी राजा साडेपाच इंचांचा. भागाकार सोपा आहे. अडचण एवढीच की तो सगळ्यांना मान्य नाही. पुठ्ठा मानतो. लाकूड कुरकुरत का होईना, मानतं. पाणी अजिबात मानत नाही. पाव इंची पेल्यात थेंब सोडला तर तो आत जायच्याऐवजी काठावर गोळा होऊन बसतो, आणि राजाने तो प्यायचा की चावायचा असा प्रश्न पडतो. शेवटी पेल्यात पारदर्शक रेझिन ओतावं लागतं. माझी बोटंही मानत नाहीत. ती पूर्वी होती तेवढीच आहेत. किंबहुना किल्ला सुरू झाल्यापासून थोडी जाडच झाली आहेत, पण त्यातला बराच भाग गोंदाचा असावा.

पहिलं भांडण भिंतींशी झालं. दगडी किल्ल्याची भिंत सात-आठ फूट जाड असणं ही मामुली गोष्ट. बाराने भागली तरी आठ इंच. समोरासमोर दोन भिंती उभ्या केल्या की सोळा इंच त्यातच खलास, आणि टेबल आहे तीस इंच रुंद. उरलेल्या चौदा इंचांत सिंहासन, राजा, राणी, प्रधान आणि शेकोटी बसवून दाखवा. खऱ्या किल्लेवाल्यांनाही जागेची टंचाई असणार, कारण त्यांनी भिंतीच्या पोटातच जिने, कोनाडे आणि बारक्या खोल्या काढून ठेवल्या होत्या. मीही तेच केलं. शेकोटी भिंतीत, कपाट भिंतीत, गोल जिना भिंतीत. जिन्याच्या वरच्या पायऱ्या रंगवायला करंगळी आत जाते. बाहेर येताना मात्र ती आधी विचार करते.

आता दगड. किल्ल्याचे दगड अंड्यांच्या ट्रेचे होतात. प्लास्टिकचा ट्रे नव्हे, करड्या कागदी लगद्याचा. त्याचा खरबरीतपणा रंग चढला की हुबेहूब दगडाचा दिसतो. ट्रेच्या सपाट भागाचे तुकडे काढायचे, पण कात्रीने नाही. कात्रीची कड लगेच चुगली करते. हाताने फाडायचे, पाण्यात क्षणभर बुडवून कडा चिमटीने दाबायच्या आणि पांढऱ्या गोंदाने एकेक चिकटवत जायचं. वर्षानुवर्षं उभ्या भिंतींकडे ढुंकूनही न पाहिलेल्या माणसाला इथे गवंड्याचे नियम पाळावे लागतात. खालच्या थरातला उभा सांधा वरच्या दगडाने झाकायचा, कोपऱ्यावर लांब-आखूड, लांब-आखूड असे मोठे दगड आलटूनपालटून बसवायचे, कमानीला पाचरीच्या आकाराचे दगड आणि बरोबर मधोमध कळीचा दगड. खऱ्या कमानीत तो निघाला तर सगळंच कोसळेल. आमच्या कमानीत सगळा भार गोंद सोसतो आणि कळीचा दगड नुसता तोलून धरल्याचा आव आणतो. असे लोक प्रत्येक ऑफिसात असतात.

एका बुरुजाला ट्रे किती लागतात हे मी सांगणार नाही. घरात अंड्यांचा खप बुरुजांच्या उंचीवर ठरू लागला एवढं सांगतो.

"आज पुन्हा अंडी?" बायकोने विचारलं.

"दक्षिणेचा बुरूज अर्धवट राहिलाय."

"आणि तो झाल्यावर?"

तटबंदीचा विषय मी त्या वेळी काढला नाही.

झटपट काम हवं असेल तर फोमच्या जाड पाट्या मिळतात. त्यांवर पेन्सिलीने सांधे कोरायचे आणि चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून फिरवायचा, की मिनिटभरात दगडाचा पोत येतो. पण या फोमची आणि काही रसायनांची जन्माची दुष्मनी आहे. झटकन चिकटवणारा सुपरग्लू लावा किंवा डब्यातला स्प्रे मारा, फोम डोळ्यांदेखत विरघळतो. शत्रूला एवढंच कळायला हवं. तोफा आणायची गरज नाही, स्प्रेचा एक डबा पुरे.

खरी कसोटी रंगाची. भिंत एकाच करड्या रंगाने रंगवली तर किल्ला कालच सिमेंटने लिंपल्याचा दिसतो. दगडात करडा रंग असतो त्याहून जास्त पिवळट, तपकिरी, हिरवट असतं. म्हणून आधी गडद थर. मग अधलेमधले दगड निवडून वेगवेगळ्या छटा. मग पाण्याने पातळ केलेला काळपट रंग वरून सोडायचा, तो आपोआप सांध्यांत उतरतो. शेवटी कोरडा ब्रश. यात ब्रश फिकट रंगात बुडवायचा आणि लगेच जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकायचा. आता यात काही उरलं नाही अशी खात्री पटली की भिंतीवरून हलकेच फिरवायचा. फक्त उंचवटे उजळतात आणि सपाट कागदाचे एकदम सहाशे वर्षांपूर्वीचे दगड होतात. पहिल्यांदा हे घडताना पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं. मुलीने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही तर घाण केलीत." याहून मोठी दाद नाही. दुपारभर बसून मी नेमकी घाणच करत होतो. पावसाचे ओघळ खिडकीखाली, काजळी शेकोटीवर, शेवाळ उत्तरेला, आणि पायरी झिजलेली कुठे, तर मधोमध, कारण माणसं मधूनच चढतात. जे आयुष्यभर पुसायला शिकवलं, ते इथे मन लावून लावायचं.

फर्निचर हा वेगळा छळ. राणीचा चार खांबी पलंग करायचा होता. दातकोरणीवर मणी ओवले की कातीव खांब होतो, इथवर ठीक. पण पलंगाला पडदे हवेत. खरा मखमली पडदा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, म्हणून त्याला चुण्या पडतात. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही बाराने भागली की वजन उरतं १७२८ वा हिस्सा, आणि कापडाची जाडी तर भागलीच जात नाही. त्यामुळे आपला पडदा खळ घातलेल्या परकरासारखा फुगून उभा राहतो. उपाय असा, की अगदी पातळ रेशीम घ्यायचं, पाणी मिसळलेल्या गोंदात भिजवायचं, थर्मोकोलवर टाचण्यांनी एकेक चुणी दाबून ठेवायची आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी पडदा पडलेला असतो. नंतर तो उघडताही येत नाही, पण राणीने अजून तक्रार केलेली नाही.

या पलंगाचा शेवटचा मणी चिमट्यात धरला होता. चिमट्यातून लहान वस्तू निसटते तेव्हा ती खाली पडत नाही, सुटते. आधी कुठेतरी 'टिक्' आवाज होतो, मग दुसरीकडे 'टिक्' होतो, आणि मग ती या जगात नसते. "कुणी हलू नका!" मी ओरडलो. घर या हाकेला सरावलेलं आहे. ज्याचा पाय जिथे होता तिथेच राहिला. अशा वेळी दिवे मालवायचे, टॉर्च जमिनीवर आडवी ठेवायची आणि गाल फरशीला टेकवून पाहायचं. आडव्या उजेडात मोहरीएवढ्या वस्तूचीही लांबलचक सावली पडते. दुसरी युक्ती व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधायची. दोन्ही केलं. मणी मिळाला नाही. बायकोचं एक कानातलं मिळालं, जे हरवल्यामुळेच त्याच्या जोडीदाराचं मी दरबारात झुंबर केलं होतं. घरात आनंदाचं वातावरण होतं. दरबारात अंधार झाला.

"खेळण्यासाठी किती हा आटापिटा," बायको कान सजवत म्हणाली.

खेळणं? मी तिला इतिहास सांगितला. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५७-५८ मध्ये एक बाहुलीघर करवून घेतलं. मुलीसाठी म्हणून करवलं असं सांगतात, आणि ठेवलं स्वतःच्या संग्रहात. बापांची ही परंपरा जुनी आहे. मूकपटांची नटी कॉलीन मूर हिने १९२८ मध्ये एकास बारा प्रमाणातला परीमहाल सुरू केला, त्याला सात वर्षं आणि जवळपास पाच लाख डॉलर लागले. तो आज शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आणि दिल्लीत आजचं राष्ट्रपती भवन बांधणारा एडविन ल्युटेन्स? तेच काम चालू असताना, १९२१ ते १९२४ मध्ये, त्याने इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी बाहुलीघर उभं केलं. वाहतं पाणी, चालणाऱ्या लिफ्ट, बाटल्यांत खरी वाइन. जुळणीच्या काळात ते त्याच्याच घराच्या दिवाणखान्यात होतं.

"दिवाणखान्यात? म्हणजे जेवायचं टेबल मोकळं होतं," बायको म्हणाली.

तेवढ्यात मामा आले, ते बरं झालं. मामांनी चष्मा पुसून किल्ला खालून वर पाहिला, पूल खाली-वर करून पाहिला, आणि प्रत्येक पाहुणा विचारतो तो "याचा उपयोग काय" हा प्रश्न न विचारता थेट मुद्द्याला हात घातला.

"संडास कुठाय?"

मामा आयुष्यभर इमारतींच्या कामांवर देखरेख करत आले. त्यांचं बरोबर होतं. खऱ्या किल्ल्यांत तो भिंतीच्या जाडीतच असे : एक चिंचोळी खोली, दगडी बैठक, तिला भोक, आणि भोकाखाली थेट बाहेरची भिंत किंवा खंदक. माझ्याकडे भिंतीत जागा होतीच. पुढच्या खेपेपर्यंत दीड इंच उंचीची बैठक झाली, भोक झालं, लाकडी झाकणही झालं. मामांनी झाकण नखाने उचललं, समाधानाने मिटलं, किल्ला फिरवून मागची बाजू पाहिली आणि मान हलवली.

"एवढी वर्षं वापरात आहे ना? मग खालची भिंत स्वच्छ कशी?"

खिडकीखाली ओघळ, शेकोटीवर काजळी, आणि नेमकी हीच भिंत कोरी! मामा आणि मी लगेच बसलो. तपकिरीत हिरवट किती घ्यायचा, ओघळ सरळ खाली यावा की दगडांच्या कडांवर थांबत यावा, जुना थर आणि ताजा थर यांच्या छटेत फरक किती ठेवायचा. मामांचं मत ताज्याला चकाकी हवी असं होतं, माझं मत तेवढ्या टोकाला जाऊ नये असं होतं. बशीत तीन नमुने कालवून आम्ही ते शेजारी शेजारी लावून पाहत होतो.

"अहो," बायको हातात पातेलं घेऊन मागे उभी होती, "ही बशी आता पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही."

मामा म्हणाले, "सूनबाई, तूच सांग, यातला खरा कुठला वाटतो?"

तिने पातेलं खाली ठेवलं, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मधला. पण थोडा पातळ करा."