साखराई, एल्हाइसा, म्हाळसा: ही नावं जिभेला जड नाहीत

पुण्यात बारशाची तयारी चाललेल्या घरांत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मध्ययुगात मराठी मुलींना धड नावंच नव्हती, धोंडी नाहीतर नकोशी, एवढंच. जी होती ती संस्कृत नावांची बिघडलेली रूपं, तेव्हा ठेवायचीच तर 'शुद्ध' करून ठेवा. आणि एवढं करूनही आजच्या मुलांना ती उच्चारता येणार नाहीत. तिन्ही गोष्टी चूक आहेत. त्यातल्या दुसरीने तर खरोखर नुकसान होतंय, कारण तो सल्ला लोक मानतात.

नावंच नव्हती म्हणणाऱ्यांनी नामदेवांच्या घरात डोकावावं. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई आणि सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. हा राजवाडा नाही, १३व्या-१४व्या शतकातलं शिंप्याचं घर आहे. तिथल्या चारही सुनांची नावं वारकरी परंपरेने आजवर सांभाळली. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, पाहावं तर महदाइसा, उमाइसा, देमाइसा, आउसा, एल्हाइसा अशी रांगच लागते. यातल्या महदाइसा म्हणजे धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचणाऱ्या आद्य मराठी कवयित्री.

बाईचं नाव नवऱ्याच्या नावाआड जायचं, हे मात्र खरं आहे. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, त्यांच्या अभंगांत स्वतःच्या नावाऐवजी 'चोखियाची महारी' अशी मुद्रा येते, ती वाचताना आजही टोचतं. पण नाव झाकलं जाणं आणि नाव नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोंडीचं म्हणाल, तर मुलं जगत नसली की नजर लागू नये म्हणून मुलग्यांनाही धोंडू, दगडू, केरू म्हणत. आणि नकोशीचा दोष मध्ययुगावर ढकलून आपण सुटत नाही. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला तो २०११ साली.

आता 'शुद्ध' करण्याबद्दल. या मजकुरात निर्मळाचं निर्मला करा, कमळाचं कमला करा असं सुचवलंय. चोखोबांची बहीण निर्मळा. त्या नावातला ळ ही चूक नाही, तो मराठीचा स्वतःचा वर्ण आहे. शिवाजी महाराजांच्या एका राणीचं नाव पुतळाबाई, एका मुलीचं कमळाबाई. पुतळाबाईंना पुतलाबाई म्हणून बघा, कसं वाटतं ते! निर्मला हे नाव छानच आहे, आवडलं तर जरूर ठेवा. फक्त ते निर्मळाचं सुधारलेलं रूप आहे असं कुणाला सांगू नका. आणि गोडाई, लाडाई, साखराई यांचं काय शुद्ध करणार?

उच्चाराची भीती तर सगळ्यात पोकळ. म्हाळसा हे जिजाऊंच्या आईचं नाव. म्ह आणि ळ दोन्ही त्यात आहेत, आणि जेजुरीला जाणारं पुण्यातलं लहान पोरही ते न अडखळता म्हणतं. एल्हाइसामधला ल्ह कोल्हापूरमधलाच आहे. ल आणि ह असे दोन तुकडे पाडायचे नाहीत, एका झटक्यात म्हणायचं. 'एक' बोलताना आपण 'येक' म्हणतो, तसं 'येल्हा' आलं तरी बिघडत नाही. संत कान्होपात्रेच्या नावातला न्ह 'पुन्हा'मधला, म्हणून 'कान-हो' असं तोडू नये. महदाइसा म्हणताना ह नंतरचा अ अगदी हलका ठेवायचा आणि 'दाइ' एका दमात घ्यायचं. महादाइसा नव्हे. जिजाऊ तर रोज तोंडात असलेलं नाव, पण त्यातले दोन ज वेगळे आहेत: पहिला 'जिवंत'मधला, दुसरा 'जाऊबाई'मधला. लिहिताना अक्षर एकच, तरी हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. घरात ऐकून मूल तो आपोआप उचलतं.

ज्या घरांत ज्ञानदा, ऋजुता, हृद्या ही नावं बिनतक्रार चालतात, तिथे गोणाई कठीण कशी? हाक मारायला लांब वाटलं तर गोडा, लाडा, येसू आहेतच.

खरी अडचण येते ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये. तिथे ल आणि ळ दोन्हींना 'एल'च, मग शाळेत निर्मळाची निर्मला होते. त्यामुळे जन्मदाखल्यावर देवनागरीतलं नाव ळ, ल्ह, म्ह यांच्यासकट जसंच्या तसं आलंय ना, हे तो हातात घेतानाच तपासा. आणि शाळेत बाईंना पहिल्याच दिवशी नाव एकदा म्हणून दाखवा.