खुलासा : उभ्या गाडीची बॅटरी उतरते म्हणजे ती गेलीच, असं नाही

जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'दोन दिवस उभी राहून गाडी सुरू झाली नाही तर बॅटरी संपली, लगेच बदला.' हे अर्धवट आहे. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात बॅटऱ्या लवकर थकतात, हे खरं. पण चांगली बॅटरी दोन दिवसांत आपोआप उतरत नाही. बहुतेकदा कुठेतरी करंट गळत असतो.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास ठेवा. मल्टिमीटरवर (व्होल्ट आणि करंट मोजणारं मीटर) १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मग निगेटिव्ह वायर सोडवून वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. बॉनेट उघडं, दारं बंद, चावी लांब. अर्धा तास थांबा, कारण गाडीतली यंत्रणा झोपायला वेळ घेते. घाईत घेतलेलं रीडिंग फसवतं. मीटर जोडलेलं असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गळती नाही. मग बॅटरीची लोड टेस्ट करा, म्हणजे भार टाकल्यावर ती व्होल्ट टिकवते का ते पाहा. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी! अशा वेळी एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर मीटरवरचा आकडा खाली येईल, त्याच सर्किटमध्ये दोष.

माझ्या गाडीत डिकीचा दिवा विझत नव्हता. रात्री फटीतून पिवळसर उजेड दिसला, तेव्हा कळलं. स्विच बदलला, बॅटरी तीच आहे.