न पिणाऱ्याचे हाल

सेशेल्सला नोकरी लागली तेव्हा नातेवाईकांच्या डोळ्यांसमोर नुसता समुद्र आणि माड, संध्याकाळी तिथे माणूस करतो काय हे कोणीच विचारलं नाही. इथलं मुख्य बेट माहे लांबीला जेमतेम २८ किलोमीटर, वर्षभर साडेसहाच्या आसपास अंधार पडतो, आणि मग बाहेरून आलेली सगळी जमात, म्हणजे इंग्रज, साउथ आफ्रिकन, श्रीलंकन, मल्याळी आणि आमचा कोल्हापूरचा पाटील, कोणाच्या तरी व्हरांड्यात बसते. सेब्र्यू बियरने सुरुवात, मग इथलीच ताकामाका रम, आणि एखाद्या लोकल मित्राने कालू आणली तर पाटील लगेच "अरे ही तर आपली माडी!" म्हणून भावुक होणार.

मी पीत नाही. तत्त्वबित्त्व काही नाही, आवडत नाही एवढंच. पण अशा बेटावर न पिणारा माणूस म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. पार्टी ठरली की आधी मला फोन, "भावा, तू येतोयस ना?" यात प्रेम किती आणि गाडीची सोय किती ते मला कळतं हो.

आणि गाडी चालवायची कुठून, तर सां सूसीच्या घाटातून. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, बऱ्याच ठिकाणी कठडा नाहीच, वर पाऊस आणि समोरून बस. मागच्या सीटवर तिघं वेगवेगळ्या भाषांत गाणी म्हणतायत, पुढे बसलेला इंग्रज अत्यंत सभ्यपणे सांगतो की त्याला मळमळतंय, आणि अशा घाटात थांबायला जागा नसते! याच सां सूसीला ब्रिटिशांनी १९५६ साली सायप्रसच्या आर्चबिशप मकारिओसना हद्दपार करून ठेवलं होतं. त्याआधी १९०० मध्ये आजच्या घानातल्या अशांती लोकांचा राजा प्रेम्पे, तोही असाच माहेवर आणून टाकलेला. त्यांना निदान पकडून आणलं, आम्ही पोलीस सर्टिफिकेट आणि मेडिकल रिपोर्ट स्वतः जोडून आलो.

घाट परवडला पण सोमवार नको. शुक्रवारी रात्रीचं सगळं फक्त मला आठवत असतं ना, मग एकेक जण चहाच्या मशीनपाशी मला गाठतो. "मी काही बोललो का रे?" बोललास बाबा, बॉसच्या बायकोला बोललास, पण मी म्हणतो छे, तू तर लवकर झोपलास. गंमत म्हणजे बॉसची बायको पण मासळीबाजारात भेटते आणि तिलाही तेच विचारायचं असतं. बेट एवढंसं, तोंड लपवणार कुठे?

यावर कडी म्हणजे फेअरवेल. इथे सगळ्यांची कॉन्ट्रॅक्टं ठरावीक वर्षांची, त्यामुळे सतत कोणीतरी निघालेलंच असतं, आणि जाताना अर्ध्या बाटल्या द्यायच्या कोणाला? पिणाऱ्याला दिल्या तर त्याच रात्री संपणार, म्हणून माझ्याकडे, "परत आलो की घेईन" म्हणून. परत कोणी येत नाही. माझ्या किचनचं वरचं कपाट आता बेटावरचा सगळ्यात भरलेला बार आहे. परवा आई पहिल्यांदा राहायला आली, पोह्यांसाठी हळद शोधत नेमकं तेच उघडलं तिने. मी सगळं खरं सांगितलं, मित्रांच्या आहेत, नुसत्या ठेवायला दिल्यात, मी थेंबही घेत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे बाबाही हेच सांगायचे."