सर्व्हर डाऊन म्हणे!

आज एका बँकेत काउंटरवर पुठ्ठा लटकवलेला: 'सर्व्हर डाऊन'. पेन्शन काढायला आलेल्या आजोबांनी पासबुक पिशवीत टाकलं, "उद्या येतो" म्हणाले आणि निघाले. चिडले नाहीत, हेच माझ्या डोक्यात गेलं. कॅशियरने शंभर रुपये कमी दिले असते तर याच आजोबांनी मॅनेजरची केबिन गाठली असती.

सर्व्हर आपोआप पडत नाही हो. कुणीतरी काहीतरी तपासायचं टाळलेलं असतं. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची एक अपडेट फाइल आली आणि सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास! कारण काय, तर फाइलमधल्या नव्या नियमाने एकविसावी व्हॅल्यू मागितली आणि प्रोग्रामला मिळत होत्या 20च. तो भलत्याच मेमरीत वाचायला गेला, आणि कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच, चालत असल्याने अख्खं विंडोज घेऊन आडवा झाला. कंपनीने दीड तासाच्या आत चूक मागे घेतली. पण सुरूच न होणाऱ्या मशीनपर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? मग बसा एकेका मशीनसमोर. सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरतंच विंडोज चालू करून, जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधून ती 291 नंबरची फाइल उडवा, रीस्टार्ट मारा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, असेल तर त्याआधी 48 आकडी रिकव्हरी की शोधा.

आधी थोड्या मशीनवर सोडायचं, थांबून बघायचं, मग सगळ्यांना द्यायचं, ही या धंद्यातली जुनीच रीत. या फाइलला ती लावलीच नव्हती.

मान्य, लाखो ओळींचा कोड निर्दोष नसतो. म्हणून आजोबांनी उद्या परत यायचं?

वर आपल्याला सवय कसली, तर 'बंद करून चालू करा'. चालतंही ते, कारण तुंबलेली मेमरी रिकामी होते, आतले मोजणीचे आकडे शून्यावर येतात. बग, म्हणजे कोडमधली चूक, तिथेच. बोइंग 787 सलग 248 दिवस वीज चालू ठेवली तर जनरेटरच्या कंट्रोल युनिटमधला मोजणीचा आकडा भरून वीजच जाऊ शकते, असं 2015 मध्ये निघालं. अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा, तात्पुरता आदेश काय? ठरावीक मुदतीत विमान बंद करून चालू करा!

काउंटरवरच्या मुलीवर मात्र ओरडू नका, तिच्या हातात काही नसतं. मॅनेजरला विचारा: कधी पडला, कशाने पडला, दुसरी लाइन होती का, तोवर पैसे द्यायची सोय काय? आणि लेखी मागा. सॉफ्टवेअर घेताना आपण 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, त्यात बहुतेक वेळा 'आहे तसं घ्या, नुकसानीला आम्ही जबाबदार नाही' असंच लिहिलेलं असतं. कंपन्यांनी आपलं लेखी कधीच करून ठेवलंय.