बरोबरची एक खूण

माध्यमिक शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवताना उत्तरपत्रिकांवर बरोबरच्या किती खुणा केल्या असतील, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण निवृत्तीनंतर घरच्या संगणकावर एक खूण करायची राहिली आणि तिच्यापायी माझे तीन दिवस गेले, एवढे मात्र नक्की.

निमित्त पुण्याच्या नातीचे. ती सहावीत आहे आणि तिला शाळेत पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा शिकवतात. फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "आजी, तुला नाही समजणार ते." जन्मभर खडू हातात धरलेल्या बाईला असे ऐकवल्यावर ती स्वस्थ कशी बसेल? जुना झाला म्हणून मुलाने मिरजेला आणून ठेवलेला, विंडोज १० चा संगणक मी पुसून घेतला, त्यावरचा क्रोशाचा रुमाल घडी करून कपाटात ठेवला आणि कामाला लागले. नवी भाषा शिकण्याआधी तिची कुळकथा वाचावी, ही माझी सवय. त्यातून कळले की पायथनचा अजगराशी काही संबंध नाही. ते नाव ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. गीडो व्हान रोसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत हाताला काही उद्योग असावा म्हणून ही भाषा लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. नाताळच्या सुमारास मी स्नेहसंमेलनातल्या मावळ्यांच्या पगड्या शिवत असे. ज्याचा त्याचा उद्योग.

पंचवीसेक एमबीची फाइल उतरली आणि एक खिडकी उघडली. तिच्या मध्यभागी ठळक अक्षरांत 'इन्स्टॉल नाऊ' असे लिहिले होते. अगदी तळाशी, औषधाच्या बाटलीवरची सूचना असावी इतक्या नम्रपणे, दोन चौकोन होते. त्यांतल्या एकात आधीच खूण होती आणि 'ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ' या ओळीपुढचा दुसरा कोरा होता. "प्रश्नपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचा," असे मुलांना वर्षानुवर्षे बजावणारी मी ठळक अक्षरे पाहिली, त्यांवर टिचकी मारली आणि मोकळी झाले. पट्टी सरकत सरकत टोकाला गेली, काम यशस्वी झाल्याचा निरोप आला आणि मी देवापुढे साखर ठेवली.

नातीने सांगून ठेवल्याप्रमाणे आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडून मी 'पायथन' हा शब्द इंग्रजीत लिहिला आणि एन्टरची कळ दाबली. उत्तरादाखल मायक्रोसॉफ्टचे, प्रोग्रॅम मिळण्याचे एक दुकान उघडले. त्या दुकानात पायथन मांडून ठेवलेला होता, आणि तोही फुकट. घरात आणून ठेवलेली वस्तू मागावी आणि घरानेच बाजाराची वाट दाखवावी, असा तो प्रकार होता. मी दुकान बंद केले आणि पुन्हा तोच शब्द लिहिला, पुन्हा दुकान. मग पायथनची आवृत्ती विचारण्याची आज्ञा दिली, तेव्हा पायथन सापडला नाही, असे स्वच्छ उत्तर मिळाले. इकडे स्टार्टच्या यादीत तर त्याचे नाव, निळ्या-पिवळ्या चित्रासह, दिमाखात झळकत होते.

"आजी, खाली टिक केली होतीस का?" नातीने फोनवर विचारले.

"कुठे खाली?"

पलीकडे शांतता पसरली. ही शांतता माझ्या ओळखीची आहे. पुरवणीवर बैठक क्रमांक लिहायला विसरलेल्या मुलासमोर मी ती अनेकदा वापरलेली आहे.

पाथ म्हणजे काय, हे तिने मला समजावले आणि मी ते माझ्या भाषेत उतरवून घेतले. पाथ म्हणजे हजेरीपट. आपण आज्ञा लिहिली की काळी खिडकी त्या पटावर नोंदलेल्या फोल्डरांत एकामागून एक डोकावते आणि त्या नावाचा प्रोग्रॅम कुठे आहे का ते पाहते. आमचा पायथन वर्गात पहिल्या बाकावर बसलेला होता, पण मी खूण न केल्यामुळे त्याचे नाव पटावर चढलेच नव्हते. मग हजेरीच्या वेळी त्याने "हजर" म्हणावे तरी कसे? नाव हाताने चढवायचे म्हणून आम्ही त्याचा पत्ता शोधू लागलो, तर तो युजर्स, मग माझे नाव, मग ॲपडेटा असा आत आत जात होता, आणि ॲपडेटा हे फोल्डर मुळातच लपवलेले असते. हे कळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पायथन काढून टाकला, आंघोळ केली आणि तो पुन्हा घातला. या वेळी आधी खूण केली आणि मगच ठळक अक्षरांकडे वळले. काळ्या खिडकीत पायथन उघडल्याची बाणाची तीन टोके उमटली. साखर मात्र ठेवली नाही.

शेजारच्या मुलाने त्याचे जुने पुस्तक दिले होते. त्यातले पहिलेच वाक्य जसेच्या तसे लिहिले, तर 'प्रिंट'ला कंस नाहीत म्हणून ते नापास झाले. पुस्तक पायथन २ चे होते आणि त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झालेली होती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा जुन्या मास्तरांना काय वाटले असेल, ते मला त्या दिवशी कळले. कंस दिले, पण परिच्छेदाच्या आरंभी जागा सोडायची जन्माची सवय, म्हणून ओळीच्या सुरुवातीला थोडी जागा सोडली. त्यावरही 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट' असा शेरा मिळाला. समास आणि जागा यांबद्दल माझ्याहून काटेकोर परीक्षक मी प्रथमच पाहत होते, आणि खरे सांगायचे तर मनातून थोडी सुखावलेही.

खरा वाद पुढेच झाला. शब्दातली अक्षरे मोजणारी 'लेन' नावाची आज्ञा सापडली, म्हणून मी तिच्यापुढे 'नमस्कार' हा शब्द ठेवला. उत्तर आले ७. मी बोटांवर मोजले: न, म, स्का, र. चार. पुन्हा विचारले, पुन्हा ७. शेवटी शब्द वहीत फोडून लिहिला, तेव्हा उलगडा झाला: न, म, स, मग हलन्ताचे चिन्ह, मग क, मग काना, मग र. जोडाक्षर त्याला दिसतच नव्हते. एखाद्या मुलाने असे लिहिले असते, तर मी अर्धा गुण कापून वर "पद्धत बरोबर" असा शेरा दिला असता. इथे गुण कापायला जागाच नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत नात मिरजेला आली. माझी प्रगती दाखवायला मी तिला मोठ्या अभिमानाने संगणकासमोर बसवले, तर तिने काळ्या खिडकीत पी आणि वाय ही दोनच अक्षरे लिहून पायथन उघडला.

"हे कधीपासून चालायला लागले?"

"पहिल्या दिवसापासून, आजी. त्याला टिक लागत नाही. वरच्या चौकोनातली टिक आधीच असते ना, ती ह्याचीच."

"आणि ह्या दोन अक्षरांना म्हणायचे काय?"

"पाय."

म्हणजे त्या तीन दिवसांत मी नुसते पाय लिहिले असते, तरी चालले असते.