उणे दिसले म्हणून चिन्ह उलटवायचे नसते

सांगलीत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून असमानता (लहान-मोठेपणा सांगणारी गणिती विधाने) सोडवण्याची एक ‘युक्ती’ सध्या फिरते आहे: उणे दिसले किंवा पद पलीकडे गेले की असमानतेचे चिन्ह उलटवा, छेदातला चल बिनधास्त दुसऱ्या बाजूला न्या. पाठ करायला ती सोपी आहे, पण तिच्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान ३क्ष < −१२ एवढ्यानेच खोटे ठरते. उणे समोर दिसते खरे, परंतु भागायचे आहे ते धन ३ ने. म्हणून क्ष < −४, आणि चिन्ह जागचे हलत नाही.

पद पलीकडे नेण्याविषयीचा गैरसमज अधिक खोल आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. समजा, पाणी ५० फुटांवर असून रोज २ फूट उतरते आहे. तर क्ष दिवसांनी ते धोक्याच्या पातळीखाली असण्याची अट ५० − २क्ष < ४५ अशी होईल. दोन्ही बाजूंतून ५० वजा केल्यास −२क्ष < −५ मिळते. दोन्हीकडून सारखेच काढून घेतल्यावर लहान-मोठेपणाचा क्रम बदलण्याचे कारणच नाही. चिन्ह उलटते ते पुढच्या पायरीला, −२ ने भागताना: क्ष > २.५. युक्तीप्रमाणे दोन्ही पायऱ्यांना उलटवले तर क्ष < २.५ येईल, म्हणजे पाणी धोक्याच्या वर असतानाच लोकांना घरी परतायला सांगितल्यासारखे होईल. भागताना चिन्ह का उलटते, हेही येथेच दिसते: −२क्ष < −५ च्या दोन्ही बाजूंत २क्ष + ५ मिळवले की ५ < २क्ष उरते, आणि चिन्हाला हातही न लावता तेच उत्तर हाती येते.

छेदातल्या चलाचे विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यातून निघालेले उत्तर वरवर पटते. ६/क्ष > २ मध्ये क्ष पलीकडे नेल्यास क्ष < ३ मिळते; पण क्ष = −१ ठेवल्यास डावी बाजू −६ होते. क्ष धन की ऋण हे ठाऊक नसताना त्याने गुणता येत नाही. क्ष धन असेल तर ० < क्ष < ३, आणि ऋण असेल तर डावी बाजूच ऋण, म्हणून उत्तर नाही.

उलट, कधी कधी उणे डोळ्यांना दिसतही नाही आणि तरी चिन्ह उलटते. (०.५)^क्ष < ०.१ मध्ये दोन्ही बाजूंचा दहा पायाचा लॉग (दहाचा कितवा घात म्हणजे ती संख्या) घेतला की क्ष × लॉग ०.५ < −१ होते. लॉग ०.५ ची किंमत सुमारे −०.३०१ आहे, म्हणून त्याने भागताना चिन्ह उलटून क्ष > ३.३२ असे उत्तर येते. पडताळा घ्यायचा तर घातांक ३ ला ०.१२५ मिळतात आणि ४ ला ०.०६२५.